पहिली सहा

इतवारीतल्या पतसंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर
कूलरसमोर बसून मी यादी वाचतोय.
मे महिना, दुपारचे अडीच.
नेटवर्कवर बावीस यंत्रं, एकवीस ओळखीची:
काउंटरवरची, मॅनेजरचं, जिन्यातले कॅमेरे,
पासबुक छापणारं ते रडकं खोकं.
बाविसावं कोणाचं, कोणालाच माहीत नाही.

"हॅकर असन कोनी," धकातेभाऊ म्हणतात.
तीस वर्षं शिपाई, हातात अडकित्ता.
मी सांगतो, घाबरू नका भाऊ,
प्रत्येक यंत्राच्या अंगावर कारखान्यातच
बारा अक्षरं गोंदलेली असतात.
शेवटची सहा त्याची स्वतःची,
पहिली सहा कंपनीची.
ती एका मोठ्या वहीत शोधायची, की घराणं कळतं.

"म्हंजे आडनाव," धकातेभाऊ म्हणाले
आणि सुपारी कातरत राहिले.

ही वही मला नवी नाही.
त्रिमूर्तीनगरात खोली बघायला गेलो होतो.
मावशींनी पन्हं दिलं, पंखा वाढवला.
"नाव?"
"उज्ज्वल."
"उज्ज्वल... पुढं?"

त्या 'पुढं'नंतर एक क्षण असतो,
विचारणा गेलेली, उत्तर पोचायचं राहिलेलं,
पिवळा दिवा नुसता लुकलुकत असतो.

सांगितलं.
मावशींचा चेहरा जराही बदलला नाही.
फक्त खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे
हे त्यांना तेव्हाच आठवलं.
मी पन्हं संपवून निघालो.
चांगलं होतं पन्हं. वेलदोडा जास्त होता.

हल्लीचे फोन शहाणे झालेत.
नव्या जागी गेले की अंगावरची बारा झाकून
भलतीच बारा सांगतात.
दुसरं अक्षर दोन, सहा, ए किंवा ई दिसलं
की समजायचं, हा घराणं सांगणार नाही.
वहीत कितीही शोधा.
पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी चिडलो होतो,
आमचं काम वाढतं ना.
मग रात्री मेसमध्ये वरणभात कालवताना
एकट्यालाच हसू फुटलं.
वाढणारा म्हणाला, काय झालं बे?

बाविसावं मात्र जुनं, साधं.
विचारलं तसं खरं सांगून मोकळं झालं.
वहीत कंपनी निघाली, कधी न ऐकलेली,
गरमी मोजायची यंत्रं बनवणारी.
गरमी!
नागपुरात ती मोजायला यंत्र कोण लावतं?

स्विचचं चौदावं भोक, तिथून लाल वायर,
छताच्या पत्र्यातून, बंद पडलेल्या घड्याळामागून,
रेकॉर्डच्या खोलीत.
कर्जखात्याच्या जुन्या वह्या, वाळवीचं औषध,
आणि सगळ्यात वरच्या फळीवर
साबणाच्या डबीएवढं एक पांढरट काहीतरी.
खाली चिकटवलेला कागद, निळ्या बॉलपेननं:
काढू नये.

दर पाच मिनिटांनी ते आपला आकडा पाठवतं
तीन वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरला.

"अरे, हे तं बोकडेसाहेबानं लावलं होतं," धकातेभाऊ दारातूनच.
"रिटायर व्हाच्या आधी.
या खोलीतल्या वह्या पेटतीन एखाद्या दिवशी,
म्हने, कोनाले तं समजलं पाहिजे."

हे त्या वहीत नव्हतं.
कोणी बनवलं एवढंच होतं.
कोणी फळीवर चढून बसवलं, कोणाच्या काळजीनं,
त्यासाठी रकाना नाही.

मी स्टुलावर उभा राहून, घाम पुसत,
त्याचा पत्ता बदलला.
आता ते माझ्या लॅपटॉपला सांगेल.
आज तरी. उद्याचं मॅनेजरना विचारावं लागेल.

खाली उतरताना धकातेभाऊंनी स्टूल धरलं,
हात पुढे केला, सुपारी दिली,
आणि सहज, अगदी सहज म्हणाले,
"उज्ज्वलभाऊ, तुमचं पुढं काय म्हनाले होते?"

तेवढ्यात पाच मिनिटं झाली.
वर दिवा लुकलुकला, पिवळा,
आणि लॅपटॉपवर उमटलं:
चव्वेचाळीस पूर्णांक तीन.